सुईने टेंडन आणखी फाटत नाही का? टेनिस एल्बो आणि सोनोग्राफीत बघून केलेलं नीडलिंग

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४६, नाशिकला स्वतःचं पोळी-भाजी केंद्र, उजवं कोपर बाहेरच्या बाजूने अकरा महिने दुखतंय, दोनदा स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं, दोन्ही वेळा दीड-दोन महिने मस्त गेले आणि मग आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं, वर त्या जागी कातडीवर पांढरट डाग पडलाय. सोनोग्राफीत 'पार्शियल टेअर', म्हणजे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) थोडं फाटलंय, असं लिहून आलंय. एक डॉक्टर म्हणतात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन) करू, दुसरे म्हणतात सोनोग्राफीत बघत बघत सुईने टेंडनला टोचू, म्हणजे नीडलिंग, जाऊबाई म्हणतात अग्निकर्म (आयुर्वेदातला डाग देण्याचा उपचार) करून घे, आणि तुमचा प्रश्न असा की आधीच फाटलेल्या जागी अजून भोकं पाडली तर ते आणखी फाटणार नाही का.

प्रश्न एकदम रास्त आहे. बरेच जण हा मनातच ठेवतात आणि मग टेबलावर झोपल्यावर, सुई हातात घेतल्यावर विचारतात. मी रेडिओलॉजिस्ट आहे, सांधे आणि स्नायूंची सोनोग्राफी हेच माझं रोजचं काम, हे नीडलिंगही करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आणि आधीच सांगून टाकते, हो, आम्ही मुद्दाम जखमच करतो. ती जखम भरायला तुम्ही तीन महिने देऊ शकणार असाल तर करा, नाहीतर करूच नका, पैसे वाया जातील आणि हात पण जास्त दुखेल.

आता दुखतंय ते नेमकं काय ते बघू. मनगट मागे उचलणारे जे स्नायू आहेत त्यांचं मूळ कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर एकत्र चिकटलेलं असतं, त्यातला ईसीआरबी नावाचा एक स्नायू बहुतेक वेळा मूळ तक्रारदार. लोकांना वाटतं की आपण मनगट कुठे मागे उचलतो एवढं, पण मूठ घट्ट आवळली ना की मनगट पुढे वाकू नये म्हणून हे मागचे स्नायू आपोआप ताणून धरतात, म्हणजे लाटणं दाबून फिरवणं, कपडे पिळणं, सांडशीने पातेलं उतरवणं, नारळ खवणं, माऊस तासन् तास धरणं, स्क्रू पिळणं, सगळ्यात तेच टेंडन राबतं. टेनिस खेळणारे पेशंट माझ्याकडे अगदीच थोडे येतात. गृहिणी, सुतार, प्लंबर, केटरिंगवाले, आयटीवाले, हीच गर्दी, वय साधारण ३५ ते ५५. नाव मात्र १८८२ पासून लॉन टेनिसचं चिकटलं ते चिकटलंच, आणि आपल्याकडे २००४ ला सचिनचं कोपर गेलं तेव्हापासून तर शेजारचे आजोबासुद्धा स्वतःच निदान करून येतात.

बराच काळ डॉक्टर लोकही याला सूज समजून सूज उतरवायची औषधं देत होते. १९७९ ला निर्शल आणि पेट्रोन या सर्जननी ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली बघून लिहिलं की इथे सुजेच्या पेशी जवळजवळ दिसतच नाहीत, दिसतं ते झिजलेलं, अर्धवट भरलेलं, विस्कटलेलं कोलॅजन (टेंडन ज्या धाग्यांचं बनतं ते) आणि त्यात घुसलेल्या नको त्या बारीक रक्तवाहिन्या. म्हणजे टेंडनने भरून यायचा प्रयत्न केला पण तो मध्येच अडकला. त्या भागाला रक्तपुरवठा आधीच कमी, त्यात रोज परत ताण, मग ते तसंच महिनोन् महिने राहतं.

सोनोग्राफीत हे छान दिसतं. चांगलं टेंडन म्हणजे नीट विंचरलेले केस, सगळ्या रेषा एका दिशेने, आणि बिघडलेल्या टेंडनमध्ये मध्येच काळपट डाग, तिथे रेषा तुटलेल्या, गुंता झालेला. कधी हाडाच्या टोकाला खडबडीतपणा, कधी चुन्याचा खडा, डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावला तर आत लाल-निळे ठिपके लुकलुकतात, त्याच त्या नको त्या रक्तवाहिन्या. तुमच्या रिपोर्टमध्ये जे 'पार्शियल टेअर' लिहिलंय त्याने घाबरून जाऊ नका, दोरी तुटायला आलीये असा त्याचा अर्थ नाही. अकरा महिन्यांच्या दुखण्यात बारीक चीर दिसणं नेहमीचं आहे, आणि चाळिशीनंतर ज्यांचं कोपर अजिबात दुखत नाही अशा लोकांतही थोडेफार बदल दिसतात. म्हणून मी नेहमी प्रोब (सोनोग्राफी मशीनचा कातडीवर ठेवायचा भाग) ठेवून त्याच जागी बोटाने दाबून विचारते, इथेच का? स्क्रीनवरचा काळा डाग आणि पेशंटची 'आई गं' एकाच जागी आली तरच तो डाग दोषी.

आणि ती जागा एकच नसेल तर थांबायचं. कोपराच्या टोकापासून तीन-चार बोटं खाली, पुढच्या हाताच्या मांसल भागात दाबल्यावर जास्त दुखत असेल तर रेडियल नर्व्ह दाबली जातेय का ते बघावं लागतं. मान वळवल्यावर कळ हातात उतरते, अंगठ्याकडे किंवा मधल्या बोटाकडे मुंग्या येतात, तर भानगड मानेत आहे. कोपर अडकतं, खटका बसतो, पूर्ण सरळ होत नाही, तर सांध्याच्या आत बघायचं. अशांना कोपराच्या टोकावर कितीही सुया टोचल्या तरी उपयोग शून्य. 'सहा इंजेक्शनं झाली मॅडम, फरक नाही' म्हणून येणाऱ्यांमध्ये हे मानेवाले आणि नर्व्हवाले हमखास सापडतात. तुम्ही लिहिलंय की कपबशी उचलताना आणि टॉवेल पिळताना नेमकी टोकावर चमक येते, मधलं बोट कोणी दाबलं तरी तिथेच दुखतं, मुंग्या नाहीत, मान ठीक आहे. म्हणजे तुमचं बहुतेक खरंच टेनिस एल्बो आहे. मुलगा एमआरआय करू म्हणतोय तो सध्या राहू द्या, सोनोग्राफी नीट झाली असेल तर एमआरआयने इथे निर्णय फारसा बदलत नाही.

स्टिरॉइडबद्दल लिहायलाच हवं कारण तुमची निम्मी गोष्ट तीच आहे. नेदरलँड्समध्ये २००२ ला १८५ पेशंटवर एक अभ्यास झाला, तीन गट, एकाला स्टिरॉइड, एकाला फिजिओ, एकाला नुसतं 'थांबा आणि बघा'. सहा आठवड्यांनी स्टिरॉइडवाले ९२ टक्के खूश, फिजिओवाले ४७, थांबलेले ३२. आता वर्षाने बघा, स्टिरॉइड ६९ टक्के, फिजिओ ९१, आणि काहीच न केलेले ८३! पुढे २०१३ ला ऑस्ट्रेलियात १६५ लोकांवर स्टिरॉइड विरुद्ध नुसतं सलाईन असं करून बघितलं तर स्टिरॉइडवाल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं परत उलटलं, सलाईनवाल्यांमध्ये १२ टक्क्यांचं. म्हणजे तुमच्या बाबतीत जे झालं, आधी मस्त आणि मग दुप्पट, ते तुमच्या नशिबाचं नाही, त्या औषधाचं ते ठरलेलं वागणं आहे. दुखणं दबलं की माणूस दुसऱ्या दिवसापासून पूर्ण जोराने कामाला लागतो आणि आतलं टेंडन तर होतं तसंच, उलट स्टिरॉइडने थोडं अजून कमकुवत. आणि तो पांढरा डाग, तो औषध कातडीखाली सांडल्यामुळे, खालची चरबी थोडी विरघळते आणि रंग उडतो, आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर जास्तच उठून दिसतो. बहुतेक वेळा महिन्यांत हळूहळू भरून येतो, कोड नाहीये ते, घरच्यांना सांगा. पण तिसरं स्टिरॉइड आता कोणीही देऊ केलं तरी घेऊ नका. पुढच्या आठवड्यात मुलीचं लग्न आहे आणि हात उचलतच नाही अशा कोणाला एखादं दिलं तर मी समजू शकते, पण तिसरं म्हणजे डॉक्टरनेही हात टेकले आणि पेशंटनेही, असा प्रकार.

आता वरच्या आकड्यांतली दुसरी गोष्ट लक्षात आली का, काहीच न करणाऱ्यांतले ८३ टक्के वर्षात बरे झाले. म्हणूनच ज्याचं दुखणं दोन महिन्यांचं आहे त्याला मी सुई लावतच नाही, आधी व्यायाम, कामाची पद्धत बदला, वाट बघा. साधारण सहा महिने नीट व्यायाम करूनही ज्यांचं हटत नाही त्यांच्यासाठी हे नीडलिंग. नीट व्यायाम म्हणजे काय ते पुढे लिहिते, कारण 'फिजिओ झालं' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं फिजिओ म्हणजे दहा दिवस मशीनचा शेक आणि घरी येऊन परत तेच काम. त्याला फिजिओ म्हणू नका.

मग सुई काय करते. अडकलेली दुरुस्ती परत चालू करते, एवढंच. बिघडलेल्या भागात बारीक बारीक टोचलं की तिथे रक्त येतं, त्या रक्ताबरोबर दुरुस्तीचा निरोप जातो, शरीराला वाटतं ताजी जखम आहे आणि ते परत कामाला लागतं. तुमची भीती अशी की फाटेल, तर लक्षात घ्या की सुई टेंडनच्या रेषांच्या दिशेने जाते, आडवी कापत नाही, आणि जे धागे चांगले आहेत ते आम्ही शक्यतो सोडतो, टोचतो ते काळ्या डागात. बघत बघत करायचं कारणच ते. आंधळेपणाने केलं तर चांगल्या भागाला टोचलं जाईल, किंवा सुई खोल जाईल, आणि टेंडनच्या बरोबर खाली कोपर घट्ट धरून ठेवणारं लिगामेंट आहे, ते दुखावलं तर कोपर सैल पडतं, मग ते निस्तरणं अवघड. पुढच्या अंगाला रेडियल नर्व्हची फांदी आहे. स्क्रीनवर सुईचं टोक दिसत नसेल तर मी हात थांबवते, पेशंटशी गप्पा मारत का होईना पण थांबते.

प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते म्हणजे भीती जाईल. तुम्ही उताणं झोपायचं, कोपर काटकोनात, हात उशीवर किंवा पोटावर. जागा अँटिसेप्टिकने पुसून स्टराइल कपडा, प्रोबवर स्टराइल कव्हर. आधी बधीर करायचं इंजेक्शन, लिग्नोकेन, कातडीखाली आणि टेंडनच्या वरच्या थराला, ही सगळ्यात चरचरणारी पायरी, दहा-पंधरा सेकंद जोरात झोंबतं. मग पाच मिनिटं थांबायचं. काही जण इथे घाई करतात आणि मग पेशंट पुढे कळवळतो. त्यानंतर जरा जाड सुई, १८ ते २२ गेजमधली, मनगटाकडून खांद्याच्या दिशेने तिरकी आत, स्क्रीनवर ती चकचकीत पांढरी रेष दिसते आणि टोक काळ्या डागात. मग पुढे-मागे, थोडं कोन बदलून परत, साधारण वीस ते तीस वेळा, भोक कातडीला एकच, आतल्या आत दिशा बदलत राहायची. चुन्याचा खडा असेल तर तो फोडायचा, हाडाचं टोक खरखरीत असेल तर तिथे हलकं खरवडायचं. सुरुवातीला हाताला करकर जाणवते, बिघडलेलं टेंडन असं चरचरत तुटतं, आणि टोचत गेलं की हळूहळू ती करकर जाते, सुई मऊ जायला लागते, तिथे थांबायचं. हा हाताला कळणारा फरक कुठल्या स्क्रीनवर दिसत नाही, तो करून करूनच येतो, म्हणून ज्यांच्याकडे जाल त्यांना 'तुम्ही हे नेहमी करता का' हे बिनधास्त विचारा. राग आला तर दुसरीकडे जा. सगळं मिळून वीस मिनिटं, टाका नाही, भरती व्हायचं नाही, छोटी पट्टी लावून घरी, फक्त गाडी स्वतः चालवत येऊ नका, रिक्षाने या.

फिजिओ करतात ते ड्राय नीडलिंग वेगळं बरं का, तिथे केसाएवढी बारीक ॲक्युपंक्चरची सुई स्नायूतल्या गाठीत घालतात. बऱ्याच जणांना स्नायूचा ताण कमी होऊन बरं वाटतं, पण 'माझं नीडलिंग झालंय, फरक नाही पडला' असं तुमच्या ओळखीचं कोणी म्हणालं तर आधी विचारा कुठलं झालं. अग्निकर्माबद्दल मी बोलणार नाही, माझा विषय नाही, फक्त जाऊबाईंना सांगा की दोन्ही एकाच महिन्यात नको, आणि भाजलेली जागा ओली असेल तर मी तिथून सुई घालणार नाही.

आता पीआरपी. तुमच्याच दंडातून रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, प्लेटलेट असलेला पिवळसर थर वेगळा करून दोन-तीन एमएल त्या जागी द्यायचा. ऐकायला फारच पटतं, स्वतःचंच रक्त, औषध नाही, साइड इफेक्ट नाही. आणि पेशंट बरेही होतात, मी स्वतः बघितलेत. पण गंमत अशी की पीआरपी देतानाही बहुतेक डॉक्टर टेंडनला बऱ्याच वेळा टोचूनच देतात, मग फरक कशाने पडला, प्लेटलेटने का टोचण्याने? २०२१ ला कॉक्रेनवाल्यांनी (जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ३२ ट्रायल एकत्र करून तपासल्या आणि निष्कर्ष काढला की पीआरपी किंवा रक्ताचं इंजेक्शन हे खोट्या इंजेक्शनपेक्षा दुखण्यात किंवा कामात जाणवण्याइतका फायदा देत नाही. आता तुम्ही म्हणाल मग नुसत्या सुईचा तरी पुरावा कुठे आहे, तर प्रामाणिकपणे सांगायचं तर तो पण लोखंडी नाहीये. फिलाडेल्फियाच्या मॅकशेन आणि नझारियन यांनी २००६ आणि २००८ ला आपले पेशंट मांडले, दुसऱ्या वेळी स्टिरॉइड अजिबात न वापरता ९२ टक्क्यांनी निकाल चांगला किंवा उत्तम सांगितला, पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि आपण वर बघितलंच की आपोआप बरे होणारेही खूप असतात. तरी मी करते, कारण सहा-आठ-दहा महिने अडकलेल्या पेशंटला फरक पडताना दिसतो, धोका कमी आहे, आणि पुढचा पर्याय ऑपरेशन आहे. पण पीआरपीचा किट लावला की बिल कुठल्या कुठे जातं, तेवढा जास्तीचा खर्च करण्याइतका जास्तीचा पुरावा मला दिसत नाही. तुमच्या जागी माझी बहीण असती तर तिला मी नुसती सुईच सांगितली असती, आणि वाचलेल्या पैशात दोन महिने पोळ्या लाटायला बाई ठेव म्हणाले असते.

मशीनने करायचा अजून एक प्रकार आहे, सुईच्या टोकाला अल्ट्रासाऊंडच्या कंपनाने खराब भाग विरघळवून शोषून घ्यायचा, सिंगापूरला २०१३ मध्ये २० पेशंटवर करून चांगला निकाल आला होता. महागडं प्रकरण, तुम्हाला गरज नाही.

मध्येच एक, बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की हाडाचे डॉक्टर स्वतःच्याच ओपीडीत सोनोग्राफी लावून का करत नाहीत, इकडून तिकडे का पाठवतात. कारण कायदा. गर्भलिंग निदान रोखायला आपल्या महाराष्ट्राने १९८८ लाच कायदा केला, केंद्राचा १९९४ चा, त्यामुळे सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन रजिस्टर लागतं, कुठे ठेवलंय, कोण वापरतंय सगळ्याची नोंद. तो कायदा हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा परिणाम असा की साठीचा प्लंबर कोपर धरून 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली बसलेला असतो आणि त्याला कळत नाही आपण बरोबर जागी आलोय का. हाडाच्या डॉक्टरांनी तपासायचं आणि सुई रेडिओलॉजिस्टने मारायची ही पद्धत आपल्याकडे त्यामुळेच पडली, चुकीची नाहीये, फक्त दोघांनी एकमेकांशी बोलायला पाहिजे.

कोणी थांबावं ते पण सांगते. टेंडन पूर्ण जाडीत तुटलेलं असेल किंवा खालच्या लिगामेंटलाही मोठी चीर असेल तर सुईच्या भरवशावर राहू नका, ऑर्थोपेडिक सर्जनना दाखवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारून या. शेवटचं स्टिरॉइड होऊन दोन-तीन महिने झालेले असावेत, तुमचं दुसरं इंजेक्शन कधी झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, तारीख शोधा. आणि शुगर. तुम्ही लिहिलंय 'थोडी बॉर्डरला आहे', तर बॉर्डर म्हणजे किती, तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट काढा. साखर वर असेल तर जखम उशिरा भरते आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो, आधी ती आटोक्यात आणा, टेंडन महिनाभर थांबेल. तंबाखू, मिश्री, सिगरेट जे काही असेल ते निदान या तीन महिन्यांपुरतं तरी सोडा, निकोटिनने जखमेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि आपण तर रक्त यावं म्हणूनच टोचतोय.

आता खरं काम, सुईनंतरचं. पहिले दोन-तीन दिवस ठणकतं, कोणाला आठवडा, आधीपेक्षा जास्त दुखतं म्हणून लोक घाबरून फोन करतात, ते अपेक्षित आहे. पॅरासिटामॉल घ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक वगैरे दोन आठवडे नको, कारण आपण मुद्दाम चालू केलेली दुरुस्ती ती दाबू शकतात, ठोस सिद्ध झालेलं नाही पण टाळायला काय जातंय. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं हे लोकांना माहीत नसतं, घरात डब्यात पडलेली असते म्हणून घेतली जाते, पट्टीच्या मागे वाचा. जागा लाल होऊन गरम लागायला लागली, ताप आला, पू दिसला तर वाट न बघता दाखवा, क्वचित होतं पण होतं.

पहिला आठवडा हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही, जेवण, केस विंचरणं, मोबाईल चालू ठेवा, फक्त उचलणं, पिळणं, लाटणं बंद. दुसऱ्या आठवड्यापासून टेबलावर हात पालथा ठेवून मनगट कडेच्या बाहेर, मनगट सरळ धरून दुसऱ्या हाताने वरून दाब द्यायचा आणि हलू द्यायचं नाही, तीस-चाळीस सेकंद, चार-पाच वेळा. तीन-चार आठवड्यांनी अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली हातात, डाव्या हाताने उजवं मनगट वर उचलून द्यायचं आणि मग उजव्याने एकट्याने हळूहळू खाली सोडायचं, मोजून चार-पाच सेकंद. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, रोज. हळूहळू एक किलो. थोडं दुखेल, दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे, नाही उतरलं तर वजन कमी करा पण बंद करू नका. हेच ते नीट फिजिओ, आणि सुई न करताही आधी तीन महिने हेच केलं असतं तर काहींना सुई लागलीच नसती. नवीन धागे येतात ते ताण ज्या दिशेने पडेल त्या दिशेने लागतात, ताणच नाही दिला तर परत गुंताच होतो, म्हणून पूर्ण आराम पण चुकीचा.

फरक कधी, तर सहा ते बारा आठवड्यांत, कधी अजून उशिरा. तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग झाला नाही' असं ठरवू नका. तीन-चार महिन्यांनी अजिबात फरक नसेल तर एकदा परत करता येतं, त्यानंतरही नाही तर ऑपरेशनबद्दल बोलायचं, जे फार थोड्यांना लागतं. सचिनचं २००५ ला लंडनमध्ये झालं होतं, पण त्याला त्या हाताने जे करायचं होतं ते तुम्हाआम्हाला करायचं नाहीये.

तुमच्या केंद्राचं बघा ताई. रोजच्या दीडशे पोळ्या तुम्ही एकट्या लाटत असाल तर पहिले सहा आठवडे लाटण्याला हातच लावायचा नाही, कणीक मळायला मशीन असेल तर ठीक, नाहीतर तेही दुसऱ्याकडे. भाजणं, पॅकिंग, हिशोब तुम्ही करा. सहा आठवड्यांनी पंधरा-वीस पोळ्या, दोन दिवस बघा, मग वाढवा. दिवाळी किंवा लग्नसराईच्या तोंडावर नीडलिंग करून घेऊ नका, ऑर्डर आल्या की तुम्ही थांबणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. कुकर, कढई, पाण्याची बादली उचलताना तळवा वरच्या बाजूला करून आणि कोपर अंगाजवळ ठेवून दोन्ही हातांनी उचला, पालथ्या हाताने लांबून उचललं की सगळा भार त्याच टेंडनवर येतो. लाटण्याच्या मुठी बारीक असतील तर जाड मुठीचं लाटणं घ्या, ओट्याची उंची जास्त असेल तर पायाखाली पाट. केंद्रात तुम्ही कोपराला जो पट्टा लावता तो नेमका दुखऱ्या टोकावर लावू नका, दोन-तीन बोटं खाली, मांसल भागावर, बोट आत जाईल इतका सैल, फार आवळला तर नर्व्ह दाबली जाऊन हात बधिर होतो, आणि रात्री झोपताना काढून ठेवा.